वण आणि उपकारस्तुति

नाकावरील कर्करोग कापून काढल्यावर जो बरा झाला, त्याने तोंडावर राहिलेल्या वणाबद्दल दुःख करावे काय? आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ भले लोक याचे उत्तर तत्काळ देतात. देवाने मरणाच्या दारातून परत आणिले असता रूपासाठी कुरकुर करणे ही कृतघ्नता होय, असे ते म्हणतात. हे बोलणे भक्तीचे वाटते. तरी ते पुरतेपणी खरे आहे असे आम्हांस वाटत नाही.

प्रथम त्या रोगाविषयी थोडे. कातडीच्या कर्करोगांपैकी जगात सर्वांत अधिक आढळणारा तो बेसल सेल कर्करोग. तो बहुधा तोंडावर, विशेषेकरून नाकावर होतो. बहुत वर्षांचे ऊन हे त्याचे मुख्य कारण. गोऱ्या लोकांत तो फार, आपल्या लोकांत कमी. आपल्या कातडीवर तो पुष्कळदा काळसर दिसतो, म्हणून तीळ समजून कोणी त्याकडे पाहत नाही. तो हळूहळू वाढतो, अंगात दुसरीकडे क्वचितच पसरतो आणि क्वचितच जीव घेतो. परंतु तसाच राहू दिला तर नाकाची कूर्चा, पापणी, शेवटी हाडदेखील खात जातो. म्हणजे येथे वाचवावयाचे असते ते बहुधा तोंडच. मग ज्याचे तोंड वाचविण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यानेच तोंडाविषयी बोलू नये, हा कोठला न्याय?

शस्त्रवैद्यास रोगाबरोबर सभोवतालची चांगली दिसणारी कातडीही काढावी लागते. रोग लहान असला तरी सुमारे ४ मिलिमीटर. शिवाय जखम नीट मिळावी म्हणून छेद लांबट घ्यावा लागतो. त्यामुळे वाटाण्याएवढ्या गाठीचा वण बोटाच्या दोन पेरांएवढा होतो, आणि हे आधी कोणी सांगितले नसेल तर रोगी आरसा पाहून दचकतो. नाकाचा मोठा भाग गेला असल्यास कपाळाची कातडी उलटवून नाकावर बसवितात व ती सुमारे तीन आठवडे भुवयांमध्ये जोडलेलीच ठेवितात. ही युक्ति आपल्याच देशातली आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतील कावसजी नावाच्या मराठा बैलवाल्याचे नाक व एक हात टिपूने कापविला. पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका मनुष्याने त्याचे नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा केले, आणि १७९४ च्या आक्टोबरात लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’ मध्ये ती हकीकत छापून आली. (ज्यांस कोणी विद्वानांत गणीत नसे, त्यांच्याच हाती ही विद्या होती, हे आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे.) नाक कापणे म्हणजे अब्रू घेणे, असे आपली भाषा म्हणते. अशा देशात नाकावरील वणाचे दुःख ही केवळ रूपाची हौस आहे असे कोण म्हणेल?

वण पाहणाराचे मत आणि वण वाहणाराचे मत पुष्कळदा जुळत नाही. वैद्य टाके पाहतो, आणि ते सुबक असले की संतुष्ट होतो. रोगी तर सावकाराच्या ओट्यावर किंवा बाजारात लोक कोठे पाहतात ते पाहतो. भाजल्याच्या वणांसाठी २००४ साली एक मापनपत्र प्रसिद्ध झाले, व पुढे ते शस्त्रक्रियेच्या वणांसही लावू लागले. त्यात वैद्याचा एक भाग आहे आणि रोग्याचा निराळा: दुखते काय, खाजते काय, रंग कसा, ताठरपणा, जाडी व खडबडीतपणा किती. रोग्यास विचारल्यावाचून माप पुरे होत नाही, हे शास्त्राने मान्य केले. मंडळीने ते अजून मान्य करावयाचे आहे.

“तू संतुष्ट ऐस” असे आपण दुसऱ्यास सांगतो, तेव्हा बहुधा आपणांस त्याचे दुःख ऐकावयाचे नसते. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते बरे मित्र होते. ते बोलू लागले तेथे बिघडले. पुनरुत्थित प्रभूच्या हातांस वण होते, हेही आपण रोग्यास लगेच ऐकवितो. ते सत्य आहे, आणि मोठे सत्य आहे; परंतु प्रभूने आपले वण स्वतः दाखविले. रोग्यालाही त्याचे वण त्याच्या वेळेस दाखवू द्यावे. जो सकाळी उपकारस्तुति करितो व रात्री आरशासमोर रडतो, तो ढोंगी नव्हे. ती दोन्ही एकाच मनुष्याची प्रार्थना आहे.

दुसऱ्या बाजूने, वणाच्या भयाने शस्त्रक्रिया लांबविणे हे मात्र आम्हांस मान्य नाही. उशीर होईल तितका छेद मोठा. तसेच “काही दिसणार नाही” असे धीर देण्यासाठी सांगणारे नातलग खोटे बोलतात; त्या खोट्याची किंमत पुढे रोगीच भरतो.

उपदेशकांनी अशा घरी जाताना हे ठाऊक असू द्यावे: पहिले काही महिने वण लाल व कठीण असतो, आणि तो मऊ व फिका होण्यास वर्ष किंवा अधिकही लागते. तोवर शेतात जाताना तो पदराने वा पटक्याच्या शेवाने उन्हापासून झाकावा. ज्यास हा रोग एकदा झाला त्यास दुसऱ्या ठिकाणी पुन्हा होण्याचा संभव असतो, म्हणून दवाखान्यात वेळोवेळी तपासणीस जावे लागते. त्या फेरीस मंडळीतील कोणी तरी त्याच्याबरोबर जावे.