ओला गाभा

सदर बाजारातील सराफी दुकानांच्या वर जी जुनी घरे अद्याप उभी आहेत, त्यांपैकी एकाच्या माडीवर मी भाड्याने राहतो. छतास लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर माती-चुना. आषाढात एका कोपऱ्यात ओल उतरते. दिवाळीच्या सुमारास मी तेथे चुन्याचा हात फिरवितो आणि वर्ष निभते. घरमालकास कळवावे, तर भाडेवाढीचा विषय निघतो. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या वाचकांस हे समजावून सांगावयास नको.

गेल्या श्रावणात माझा मावसभाऊ गोव्याहून आला. तो शिडाच्या नौका दुरुस्त करणारा कारागीर. चहा घेता घेता तो स्टुलावर चढला आणि चमच्याच्या दांड्याने तुळई ठोकीत कोपऱ्यापर्यंत गेला. मध्यभागी खणखणीत वाजणारे लाकूड भिंतीपाशी बद्द वाजू लागले. "दादा, गाभा ओला आहे," तो म्हणाला.

मग त्याने आपल्या धंद्यातली गोष्ट सांगितली. आजकालच्या पुष्कळ नौकांचा डेक अखंड लाकडाचा नसतो. वरखाली काचतंतूंचे पातळ पापुद्रे आणि मध्ये बाल्सासारख्या हलक्या लाकडाचा गाभा, अशी त्याची रचना. दोर बांधण्याच्या खुंट्या, कठड्याचे खांब हे सारे या डेकला भोके पाडून बसविलेले असते. भोकांभोवतीचे लुकण कालांतराने सुटते, पाणी थेंबाथेंबाने गाभ्यात शिरते आणि तेथून त्यास बाहेर वाट नसते. वरचा पापुद्रा चकचकीतच राहतो. आत लाकडाचा लगदा होतो. उपाय एकच. खुंट्या काढावयाच्या, धडधाकट दिसणारा पापुद्रा कापावयाचा, कोरडे लाकूड लागेपर्यंत ओला गाभा खरवडून काढावयाचा, सारे नीट वाळू द्यावयाचे आणि नवा गाभा राळेने चिकटवून वरून पुन्हा पापुद्रा चढवावयाचा. खुंटीचे भोक आधी मोठे पाडून राळेने भरतात व त्या राळेतच नवे भोक पाडतात. लुकण पुन्हा कधीतरी सुटणारच, हे धरून चाललेले असते. पाणी आले तरी ते लाकडापर्यंत पोचू नये, एवढीच तजवीज.

मी त्यास विचारले, "सगळेच मालक एवढे करवून घेतात?" तो हसला. नौका विकावयास काढलेला मालक म्हणतो, फटीत लुकण भर आणि वरून रंग दे. स्वतः समुद्रात जाणारा म्हणतो, काप.

हा भेद मला झोंबला. दिवाडीच्या कारखान्यात, लाकडाच्या गाभ्यावर काचतंतू चढवून बांधलेल्या 'म्हादेई'तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या दक्षिण सागरात त्यांची बदली होणे शक्य नव्हते. आपली होते. तीन वर्षांत आपण बिऱ्हाड गुंडाळतो आणि भिंतीवरचा पांढरा चुना आपल्यामागून येणाऱ्यास सांगत राहतो की येथे कोरडे आहे. मी तर कोणाशी खोटे बोललो नाही, ही पळवाट मी स्वतःशी पुष्कळदा काढून पाहिली आहे. पण न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर भिंतच देते, आणि ते खोटे असते.

उलट, दिसेल ते संशयाने फोडीत सुटणे हेही शहाणपणाचे नव्हे. कोरडा डेक उगाच कापला, तर पाण्यास आपणच नवी वाट करून देतो, असे मावसभाऊ म्हणतो. म्हणून तो आधी ठोकून ऐकतो. माझ्या मते प्रश्नाची खरी गाठ येथे आहे. श्रावणापूर्वीची माझी चुनाफेर अज्ञानाची होती. थोडी सोयीच्या अज्ञानाची म्हणा. तो बद्द आवाज कानी पडल्यानंतर तीच कुंचली, तोच चुना, पण कृत्य मात्र निराळे होते. ऐकलेले पुन्हा न ऐकलेले कसे करावे?

माझ्या बदलीचा हुकूम आला आहे. ही जागा कचेरीतील एक तरुण सहकारी घेणार आहे. त्याचे मूल आठ महिन्यांचे आहे, आणि पाळणा टांगावयास कडी नेमकी त्याच तुळईस आहे. काल मी घरमालकाकडे गेलो. अपेक्षेप्रमाणे भाड्याचा विषय निघाला. उरलेल्या दोन महिन्यांचे वाढीव भाडे मी कबूल केले. सौभाग्यवती अर्थातच रुष्ट आहेत. सोमवारी सुतार येऊन तुळई उघडणार आहे. दिवाळीसाठी आणलेली चुन्याची पिशवी जिन्याखाली तशीच पडून आहे.