पाण्यात टाकलेला दंड

माझे वडील कीर्तन करायचे. नारदीय, गावोगावच्या देवळांत. राजधर्माचा विषय निघाला की एक गोष्ट ठरलेली असे. राज्याभिषेक उरकतो, राजा सिंहासनावर बसतो आणि म्हणतो, आता मला दंड करणारा कोणी उरला नाही. तसा पुरोहित पुढे होतो, पळसाची काठी राजाच्या पाठीवर हलकेच मारतो आणि म्हणतो, धर्म तुला दंड करील. असं तीनदा. काठी म्हणून वडील शेजारी झांज धरून उभ्या असलेल्या पोराच्या पाठीत दोन बोटं मारायचे. ते पोर बहुतेक वेळा मीच असे. लोक हसायचे, आणि मला वाटायचं की जगात राजापेक्षा मोठं काहीतरी आहे आणि ते माझ्या पाठीवरून जातं.

पुढे मी ग्रामसेवक झालो. सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या गावांत एकतीस वर्षं काढली. या नोकरीत दंड काठीचा राहत नाही, पावतीचा होतो.

घरपट्टीचंच घ्या. सरकारनं आखून दिलेल्या मर्यादेत गावची घरपट्टी ग्रामपंचायत ठरवते. म्हणजे आमच्या मासिक सभेत बसणारी नऊ माणसं कर लावणारी, आणि नमुना आठला त्यांचीही घरं नोंदलेली. साध्या गावकऱ्यानं पट्टी थकवली तर आम्ही मागणी बिल देतो, नोटीस देतो, जप्तीची भाषा करतो. जप्ती सहसा होत नाही. कोण कुणाच्या घरातली भांडी उचलणार? पण सदस्यानं थकवली तर गोष्ट निराळी. बिल रीतसर हातात पडल्यापासून तीन महिन्यांत भरलं नाही तर त्याचं सदस्यपदच जाऊ शकतं. आमच्या एका उपसरपंचाचं असंच गेलं. बाकी होती सहाशे चाळीस रुपये. पाणीपट्टी वाढवण्याच्या ठरावावर टेबल बडवून बोललेला माणूस. भाऊ भरणार होता, भावाला वाटलं हा भरणार. बिलाच्या स्थळप्रतीवर त्याची ठसठशीत सही होती, ती मीच घेतली होती. विरोधकांनी तीच प्रत जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवली.

तेव्हा मला हे जाचक वाटलं होतं. आज वाटत नाही. दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा ठराव ज्यानं केला, त्याचा स्वतःचा खिसा आधी उलटा करून दाखवलेला असावा. कायदा सर्वांना सारखा, एवढ्यानं माझं समाधान होत नाही. कायदा करणाऱ्याला तो थोडा जास्तच लागू असावा.

हा विचार जुना आहे. मनूनं म्हटलंय की ज्या गुन्ह्याला साध्या माणसाला एक कार्षापण दंड, त्याच गुन्ह्याला राजाला हजार. मात्र मनूच्या नावानं न्याय मागायला माझी जीभ रेटत नाही. माणसाची जात बघून शिक्षा कमीजास्त करणारं तेच पुस्तक, आणि बाबासाहेबांनी ते २५ डिसेंबर १९२७ला महाडला जाळलं ते योग्यच केलं. पण हजारपटीची ती एक ओळ डोक्यातून जात नाही. कौटिल्यानं त्यापुढची अडचण ओळखली होती. राजाला दंड केला तर तो वसूल कुणी करायचा आणि जमा कुठे करायचा? खजिना तर त्याचाच. म्हणून त्यानं सांगितलं, निरपराध माणसाला राजानं दंड केला तर तीसपट रक्कम वरुणासाठी पाण्यात सोडावी, आणि मग ती ब्राह्मणांना द्यावी. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला यातली गंमत लगेच कळते. वरुण पावती देत नाही. आणि पाण्यातली रक्कम ब्राह्मणांच्या घरी पोचते, त्याचीही नोंद कुठे नाही.

निवृत्तीनंतर एका संस्कृत शिकवणाऱ्या सरांकडे जाऊन बसायची सवय लागली. वडिलांची ती गोष्ट मुळात कुठली, असं त्यांना विचारलं. त्यांनी शतपथ ब्राह्मण काढलं. राजसूय यज्ञात पुरोहित राजाच्या पाठीवर काठ्या मारतात, हे खरंच तिथे आहे. पण ते मुकाट्यानं मारतात. धर्म तुला दंड करील वगैरे कुणी बोलत नाही. आणि मारण्याचं कारण दिलंय ते वडिलांच्या बरोब्बर उलट. या काठ्या मारून राजाला शिक्षेच्या पलीकडे नेतात, म्हणून राजा अदंड्य असतो. एकदा लुटुपुटीचा मार खाल्ला की आयुष्यभराची सूट.

मी घरी आलो तो गप्पच. वडील खोटं बोलत होते असं म्हणवत नाही. त्यांच्याआधीच्या कुणीतरी, कदाचित पिढ्यान्पिढ्यांनी, ती काठी फिरवून धरली असणार. लोकांना जशी हवी होती तशी. रामशास्त्र्यांचंही तसंच नाही का? नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ही गोष्ट आपण छाती फुगवून सांगतो. राघोबादादाला तो देहान्त कुणी दिला नाही, आणि पुणं सोडून जावं लागलं ते शास्त्र्यांनाच, एवढा भाग आपण हळू आवाजात सांगतो.

आता जी गोष्ट सांगायचीच आहे ती. आमच्या पंचायतीत एक महिला सदस्य होत्या. शिकलेल्या सातवीपर्यंत, पण अंदाजपत्रक वाचायच्या, बोट ठेवून. दोन मुली होत्या. सासरच्यांना मुलगा हवा होता. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१नंतर तिसरं अपत्य झालं की ग्रामपंचायत सदस्य राहता येत नाही. हे त्यांना माहीत होतं, सासूलाही माहीत होतं, पण निर्णय त्यांचा एकटीचा नव्हता. मुलगा झाला. गावातल्या जन्माची नोंद तेव्हा ग्रामसेवकच करायचा, निबंधक म्हणून. त्या बाराव्या दिवशी बाळाचं नाव सांगायला आल्या तेव्हा मी रजिस्टर उघडलं आणि माझा पेन थांबला. त्या म्हणाल्या, ‘लिवा भाऊसाहेब, पोर झालंय ते झालंय.’ मी लिहिलं. पुढे त्याच पानाच्या उताऱ्यावर त्यांचं पद गेलं.

निकालाचं पत्र द्यायला मीच गेलो होतो. पत्र घडी करून कमरेला खोचत त्यांनी विचारलं, ‘ज्यांनी ह्यो कायदा केला, त्यांची पोरं कुणी मोजली का हो?’

कुणी मोजली नव्हती. ही अट सरपंचाला आहे, पंचायत समितीला आहे, जिल्हा परिषदेला आहे, नगरसेवकाला आहे. आमदाराला नाही, खासदाराला नाही. यात विधिमंडळाची बाजूही सांगायला हवी. आमदाराच्या अपात्रतेच्या नव्या अटी घालणं राज्याच्या हातात नाही, तो अधिकार संसदेचा. हरियाणातल्या अशाच कायद्याचा वाद २००३ साली सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा हाच सवाल निघाला होता की मग आमदार-खासदारांना का नाही. न्यायालयानं कायदा उचलून धरला. धोरण टप्प्याटप्प्यानं राबवता येतं, सगळीकडे एकदम लागू व्हायलाच हवं असं नाही, असा एकूण अर्थ. कायद्याच्या भाषेत ते बरोबरच असेल. पण पहिला टप्पा नेहमी आमच्याच उंबऱ्यावर का पडतो? मला तर ही अटच पटत नाही. ती नवऱ्याला किंवा सासूला अडवत नाही, खुर्चीवरच्या बाईला उठवते. पण ती घालायचीच होती तर घालणाऱ्यांनी आधी स्वतःला घालायची होती. मग तिच्यातलं काय टोचतं ते त्यांनाही कळलं असतं, आणि कदाचित घातलीच नसती.

लोकप्रतिनिधीला एकही सूट नको असं मात्र मी म्हणणार नाही. सभागृहात बोललेल्या शब्दाबद्दल आमदारावर खटला भरता येत नाही, हे मला मान्य आहे. ग्रामसभेत कामातला घोटाळा बोलून दाखवणाऱ्याला अब्रुनुकसानीची नोटीस येते, ती मी पाहिली आहे. त्यालाही असं कवच असतं तर बरं झालं असतं. पण ते कवच शब्दाला, पाकिटाला नव्हे. १९९३च्या अविश्वास ठरावात पैसे घेऊन मत दिल्याच्या प्रकरणात न्यायालयानं १९९८ साली असा अर्थ लावला की घेऊन मत दिलं त्यांना संरक्षण, आणि घेऊन मत न देणाऱ्याला नाही. इमानेइतबारे लाच फेडणारा सुटला! हे दुरुस्त व्हायला ४ मार्च २०२४ उजाडावा लागला, सात न्यायमूर्ती बसवावे लागले.

निवृत्त झालो त्या वर्षी, २०२२ला, त्या बाई घरी आल्या होत्या, मुलाच्या दाखल्यावरची एक चूक दाखवायला. आता ते काम माझं नव्हतं, तरी चहा झाला. त्यांच्या त्या जुन्या सवालावर मी वाचून ठेवलं होतं, ते सांगितलं. दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर आमदार-खासदार होता येणार नाही, असं घटनादुरुस्तीचं विधेयक खरंच आलं होतं. १९९२ साली, राज्यसभेत. लोकसभा बरखास्त झाली की तिच्यातली विधेयकं मरतात, राज्यसभा कधी बरखास्त होत नाही, म्हणून ते मेलंही नाही आणि मंजूरही झालं नाही.

त्यांनी बशी खाली ठेवली. बोटांवर काहीतरी मोजलं.

‘म्हंजी तीस वर्सं झाली,’ त्या म्हणाल्या, ‘आन् अजून पोटातच हाय?’