रंगांना चेहरा नसतो

अमूर्त चित्रापुढे उभा राहिलेला रसिक बहुधा एकच प्रश्न विचारतो : यात दाखविले आहे तरी काय? माणूस नाही, झाड नाही, घर नाही. आहेत ते केवळ रंग. सॅन फ्रान्सिस्को येथे गिल्बर्ट बेकर या कलावंताने सहकाऱ्यांच्या साह्याने हाताने रंगवून व शिवून सिद्ध केलेला, २५ जून १९७८ रोजी प्रथम फडकलेला समलिंगी समाजाचा इंद्रधनुषी ध्वज आम्ही याच जातीची कलाकृती मानतो. मूळ पट्टे आठ. त्यांत तांबडा जीवनाचा, पिवळा सूर्यप्रकाशाचा, हिरवा निसर्गाचा, जांभळा आत्म्याचा. पुढे त्यांचे सहा झाले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१५ साली हा ध्वज आपल्या संग्रहात घेतला.

त्याआधी या माणसांची खूण होती गुलाबी त्रिकोण. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर तो शिवला जाई. त्रिकोण दुसऱ्यांनी लादलेला होता. ध्वज त्यांनी स्वतः निवडला. माणसाला त्याची ओळख कोणी द्यावी, हा नैतिक प्रश्न या दोन कापडांमध्ये उभा आहे.

आम्हां ख्रिस्ती वाचकांना इंद्रधनुष्य परके नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात जलप्रलयानंतर परमेश्वराने मेघांत ठेवलेली ती कराराची खूण आहे, आणि तो करार पृथ्वीवरील यच्चयावत प्राणिमात्राशी केलेला आहे. त्यातून कोणालाही वगळलेले नाही.

कोणी म्हणेल, स्वीकार केला म्हणजे ख्रिस्तसभेची शिकवण सोडली काय? शंका प्रामाणिक आहे. तिला बगल देणे योग्य नव्हे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ समलिंगी संबंधांना मान्यता देत नाही. परंतु अशा व्यक्तींना आदराने, करुणेने व हळुवारपणे स्वीकारावे, त्यांच्याबाबत अन्यायकारक भेदभाव टाळावा, असेही तोच सांगतो. आपल्यापैकी पुष्कळांनी पहिला भाग मुखोद्गत केला आणि दुसरा वाचलाच नाही. २०२३ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी समलिंगी असणे हा गुन्हा नव्हे, असे स्पष्ट केले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का ६ सप्टेंबर २०१८ रोजीच पुसला होता. पण न्यायालय घराचे दार उघडू शकत नाही. ते आईबापांनाच उघडावे लागते.

येथेच अमूर्त कलेची मर्यादा आम्हांला जाणवते. रंगांना चेहरा नसतो, म्हणून त्यांचा स्वीकार सोपा असतो. रंग जेवणाच्या पंगतीत शेजारी बसत नाहीत, लग्नघरी पाहुण्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत नाहीत, मिस्साबलिदानानंतर चर्चच्या आवारात एकटे उभे राहत नाहीत. 'सर्व माणसे देवाची लेकरे' हे वाक्यही असेच अमूर्त आहे; ते उच्चारताना कोणाचे काही खर्च होत नाही.

आपला धर्म मात्र देहधारणेचा धर्म आहे. शब्द देही झाला, त्याला नाव, गाव आणि आई लाभली. म्हणून ख्रिस्ती प्रीतीलाही चेहऱ्याशिवाय गत्यंतर नाही. एखाद्या पुत्राने किंवा कन्येने धीर एकवटून आपले सत्य घरात सांगितले, तर सगळ्या प्रश्नांची उत्तरे आपल्यापाशी त्याच क्षणी असतीलच असे नाही. ती शोधायला अवधी लागेल. परंतु त्या रात्री त्याचे ताट नेहमीच्या जागी वाढलेले असावे, एवढे तर आपल्या हाती खचितच आहे.