मार्गाची मालकी आणि विश्वस्तवृत्ती

घरच्या बसधंद्यातली गाडी त्या घराची. पण रोजच्या प्रवाशांवर उभा राहिलेला मार्ग कोणाचा? एसटीपूर्वीच्या महाराष्ट्रात हा प्रश्न खराखुरा होता. तेव्हा गावोगाव खासगी सर्व्हिस मोटारी धावत. अनेकदा मालक किंवा त्याचा भाऊच चालक असे. गाडी भरेपर्यंत ती हलत नसे. युद्धकाळात पेट्रोल आटले, तेव्हा मागे कोळशाची भट्टी लावून गॅसवर मोटारी चालवल्या गेल्या. एवढ्या कष्टाने उभा केलेला धंदा मुलाला मिळावा, ही इच्छा गैर म्हणता येत नाही.

मुंबईत मात्र बसची सुरुवात घराण्याने नव्हे, कंपनीने केली. बीईएसटीची पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ती कंपनी महापालिकेची झाली. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर एसटी सुटली आणि खासगी मोटारींचे मार्ग हळूहळू सरकारकडे गेले.

गांधीजींनी तिसरी वाट सांगितली होती: विश्वस्तवृत्ती. तिचा आधार त्यांना ईशोपनिषदाच्या पहिल्या मंत्रात दिसला. सारे ईश्वराचे, म्हणून माणसाने गरजेपुरते घ्यावे. विश्वस्ताचा खरा वारस जनता, असे ते मानत. घराण्याच्या धंद्याला ही अट सर्वांत जड जाते, कारण ती नफ्याआधी वारसाहक्कालाच हात घालते. सरकारीकरणाने मालक बदलला. मालकाची वृत्ती बदलण्याचे काम कायद्याच्या आवाक्यातले नव्हते.