बंडाळी मोडायची कोणाकरवी?

बंडाळी उठली की ती मोडायची कशी, याचाच सरकारला घोर लागतो. प्रजेने त्याआधी एक विचारावे: मोडायचे काम कोणाकडे दिले? कळंबकरांना याचे दाखले दूर शोधायला नकोत.

कळंब तेव्हा निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. जबाबदार राज्यपद्धती मागणारे स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले. सनदशीर वाट अशी बंद झाल्यावर 1947-48 मध्ये सरहद्दीवर सशस्त्र कॅम्प उभे राहिले. ते मोडायला निजाम सरकारने रझाकार या सशस्त्र स्वयंसेवकांना रान मोकळे सोडले. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील, आणि लातूरही तेव्हा याच जिल्ह्यात. गावे लुटली-जाळली गेली, माणसे घरदार सोडून सरहद्दीपार पळाली. ज्यांच्या जिवावर निजामाला गादी राखायची होती, त्यांच्यापुढे त्याचेच काही चालेना. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा शिरल्या. 17 तारखेला निजाम शरण आला.

इथवरचा इतिहास आपण दरवर्षी सांगतो. पुढचा सांगत नाही. त्यानंतर सूड उसळला आणि रझाकारांशी संबंध नसलेले असंख्य मुसलमानही मारले गेले. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातील बळींचा अंदाज 27 ते 40 हजार दिला. सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही लुटीत, हत्येत सामील असल्याचे समितीने नोंदवले. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला.

निजामी राजवट आणि लोकशाही यांना एका मापाने मोजता येत नाही. पण कायद्याबाहेरच्या हातांचा मोह लोकशाहीलाही सुटलेला नाही. गडचिरोलीशेजारच्या बस्तरमध्ये 2005 पासून ‘सलवा जुडूम’ या मोहिमेला सरकारी पाठबळ मिळाले, नक्षलवाद्यांशी लढायला आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून शस्त्रे दिली गेली. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. गडचिरोलीच्या सी-60 पथकातही स्थानिक तरुण आहेत, पण पोलीस दलातले. तक्रारी त्यांच्याविरुद्धही झाल्या. मात्र वर्दीतल्या माणसाचे नाव सरकारदप्तरी असते, त्याला कोर्टात उभे करता येते. झुंडीला जाब कोण विचारणार?

सरकारने बंडाळी मोडावी, पण स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या सहीने. आणि आपल्या माणसांनी केलेल्या अत्याचारांचा हिशेबही मांडावा. 17 सप्टेंबरच्या मुक्तिदिनाच्या भाषणांत रझाकारांच्या जुलमाबरोबर सुंदरलाल अहवालही वाचला जावा. आपल्या जिल्ह्यापुरता तो हिशेब आपणच मागायला हवा.