सुटलेला झेल

शाळेच्या क्रिकेट सामन्यांत स्कोअर लिहिण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. जो कादंबऱ्या लिहितो त्याला धावा लिहायला काय अवघड, असा माझ्या सहकाऱ्यांचा समज असावा! वहीत फलंदाजाला ओळ असते, गोलंदाजाला रकाना असतो. दिवसभर उन्हात धावणाऱ्या क्षेत्ररक्षकाला मात्र झेल घेतला तरच जागा. म्हणून एका वर्षी मी शेवटच्या पानावर माझा स्वतःचा तक्ता आखला : कोणी किती झेल सोडले.

संघ निवडताना तो तक्ता पुढे ठेवला. इथल्याच, खाप्यातल्या एका विणकराच्या मुलाच्या नावावर सात सुटलेले झेल होते. त्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या मुलाच्या नावावर एकही नव्हता. पहिल्याला वगळले, दुसऱ्याला घेतले. वगळलेला माझ्यापुढे येऊन इतकेच म्हणाला, "सर, तो तं चेंडूमागं धावतच नाही जी."

त्या रात्री मला झोप लागली नाही असे लिहिले तर ती कादंबरी होईल. झोप छान लागली. उमगले ते पुढे, अमेरिकेतल्या बेसबॉलविषयी वाचताना. त्या खेळात क्षेत्ररक्षकाच्या चुका मोजण्याची रीत एकोणिसाव्या शतकापासून आहे. गंमत अशी की, चूक बहुधा त्याच्याच नावावर लागते, जो चेंडूपर्यंत पोहोचतो! जो पोहोचलाच नाही तो निष्कलंक. 1970 च्या दशकात बिल जेम्स या माणसाने हिशेब उलटा मांडला : चुका राहू द्या, दर सामन्याला याच्या हातून किती गडी बाद झाले ते पाहा. हा जेम्स त्या काळी कॅन्सासमधल्या एका कारखान्यात रात्रीचा पहारेकरी होता. चोरी न झालेल्या रात्रींची नोंद कोणी ठेवत नाही, हे पहारेकऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्याच्याही मापात खोट होतीच. ज्याच्याकडे चेंडूच कमी येतात त्याने काय करावे? 2015 पासून तिथल्या सर्व मोठ्या मैदानांवर कॅमेरे लावून, चेंडू किती लांब होता नि तो गाठायला वेळ किती होता, हेही मोजतात.

आपल्याकडे एकनाथ सोलकर आठवावा. मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे मैदान राखणाऱ्याचा हा मुलगा. 27 कसोटींत 53 झेल. 1971 साली ओव्हलवर फलंदाजाच्या पायाजवळ झेपावून त्याने ॲलन नॉटला टिपले. इंग्लंड 101 धावांत आटोपले आणि त्या देशात भारताने पहिली कसोटी जिंकली. हे सारे वहीत आहे. पण सोलकर डोक्यावर शिरस्त्राण नसताना अगदी जवळ उभा आहे, म्हणून किती जणांनी बॅट आखडती घेतली असेल, ते कोणत्या रकान्यात लिहायचे?

वर्गातही माझे तेच चालत आले आहे. ज्याच्या वहीत लाल शाई नाही तो हुशार. अवघड गणिताला हात घालून चुकतो, तो बाकावर उभा.

पुढच्या सामन्याच्या यादीत मी त्या मुलाचे नाव घातले, निरोपही पाठवला. तो आला नाही. बापासोबत मागावर बसला आहे, असे मुले म्हणाली. त्या दिवशी सीमेजवळ उंच गेलेले दोन चेंडू कोणाच्याही हाताला न लागता पडले. शेवटच्या पानावरच्या तक्त्यात मला काहीच लिहिता आले नाही.