वाचवलेल्याने उपकार मानावेत का?

एखाद्याला आपण संकटातून सोडवतो आणि तोच आपल्या अंगावर येतो, तेव्हा मन दुखावते. ‘याच्यासाठी एवढे केले आणि त्याचे हे फळ!’ असे आपण म्हणतो. हा प्रश्न आज एका सापाच्या बाजूने पाहू या.

अमेरिकेत किंगस्नेक नावाचा बिनविषारी साप आहे. तो इतर सापांना, अगदी विषारी सापांनाही खातो, म्हणून तो सापांचा राजा. तिकडे काही लोक तो घरी पाळतात. हाल झालेला असा साप कुणी सोडवून आणला, तर हात पुढे करताच तो चावतो. आपल्याकडे रानातला साप पकडून पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. पण साप वाचवण्याचा प्रसंग आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही येतो. पावसाळ्यात धामण घरात शिरते, पऱ्हाटीच्या ढिगात तस्कर सापडतो, मण्यारीसारखा दिसणारा कवड्या भिंतीवर चढतो. तिन्ही साप बिनविषारी, तरी लोक काठी उचलतात. सर्पमित्र त्यांना वाचवायला जातो आणि चावा त्यालाच बसतो.

मग साप कृतघ्न म्हणायचा का? त्याच्या जागी राहून पाहू. त्याला बाहेरचे कान नाहीत. जमिनीचा हादरा त्याला जाणवतो आणि जिभेने तो वास टिपतो. आपले गोड शब्द त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. मोर किंवा गरुड त्याच्यावर वरून झडप घालतो, आणि आपला हातही वरूनच येतो. हाताला उंदराचा वास असेल, तर भुकेला किंगस्नेक त्यालाच भक्ष्य समजतो. चाव्यामागे भीती असते किंवा भूक असते. द्वेष नसतो.

म्हणूनच किंगस्नेक पाळणारी जाणती माणसे अशा सापाला धाक दाखवीत नाहीत. त्याला लपायला जागा, ऊब आणि पाणी देतात. नव्या जागी आणल्यावर काही दिवस हात लावीत नाहीत. खाल्ल्यावर लगेच उचलत नाहीत. पुढे हात स्वच्छ धुऊन, बाजूने, सावकाश आणि थोडाच वेळ त्याला हाताळतात. हळूहळू चावणे कमी होते. साप प्रेम करू लागतो असे नाही. या हातापासून धोका नाही, एवढे त्याला उमगते. तेवढे पुरे मानावे.

असिसीचे संत फ्रान्सिस आणि गुब्बियो गावचा लांडगा यांची आख्यायिका आपण ऐकली आहे. संतांनी लांडग्याला शांत केले, हे आपल्या लक्षात राहते. पण तो भुकेपोटी हिंसक झाला होता, म्हणून त्याला रोज खाऊ घालण्याचे वचन त्यांनी गावकऱ्यांकडूनही घेतले, हे आपण विसरतो.

आता आपल्या घरांकडे पाहू. दारूच्या मारहाणीतून सुटून मावशीकडे आलेले मूल उलट बोलते. कर्जापायी नवऱ्याने जीव दिला आणि भावाच्या आश्रयाला आलेली बहीण जरा काही झाले की चिडते. आपण लगेच ऐकवतो, ‘आम्ही ठेवून घेतले, तरी हिचा तोरा बघा!’ आसरा दिला, तो कर्ज म्हणून दिला होता का? उपकाराची रोज आठवण करून देणे म्हणजे पुन्हा वरून हात आणणेच होय.

मग चावा मुकाट्याने सोसायचा का? नाही. सर्पमित्रही काठीचा हुक वापरतो, अंतर राखतो. आपणही मर्यादा सांगाव्यात, पण सूड म्हणून नव्हे. आणि धामण जशी शेवटी रानात सोडायची असते, तसेच आपल्या आश्रयाला आलेल्यालाही एक दिवस स्वतःच्या पायावर उभे राहू द्यावे. तो आपल्यापाशीच राहावा, हा हट्ट प्रेमाचा नव्हे.

एक सूचना. नाग, मण्यार, घोणस हे विषारी साप ओळखण्यात चूक होऊ शकते. कोणत्याही सापाला हात लावू नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे.

या आठवड्यात आपल्या घरातील ‘चावणाऱ्या’ माणसाकडे पाहताना आधी एवढेच विचारू या: याला भीती कशाची आहे, आणि भूक कशाची?